विकत घेतलेलं घुबड

दिवाळी जवळ आली की उत्तरेत घुबडांची धरपकड सुरू होते, हे बदली होऊन लखनौला येईपर्यंत मी फक्त पेपरात वाचलं होतं. लक्ष्मीच्या तसबिरीत तिच्या पायाशी घुबड बसलेलं असतं आणि तिच्याच पूजेच्या रात्री काही जण पैसा यावा म्हणून त्याचा बळी देतात. मांत्रिक सांगतो, गिऱ्हाईक पैसे मोजतं, पकडणारा पक्षी आणून देतो. डोक्यावर कानासारखे तुरे असलेल्या मोठ्या घुबडांना मागणी जास्त. पक्ष्यांच्या व्यापाराचा अनेक वर्षं माग काढणाऱ्या अबरार अहमद यांचा २०१० सालचा अहवाल आहे. भारतात आढळणाऱ्या घुबडांच्या ३० जातींपैकी १५ जाती या व्यापारात सापडल्याचं त्यात नोंदलेलं आहे.

आमच्याकडेही घुबड अशुभच. पण आजोळी पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगणारा पिंगळा यायचा, त्याला पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, भाषा कळते असं आजी सांगायची आणि सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत घालायची. त्यामुळे मला घुबडाची भीती कधी वाटली नाही.

माझा मित्र माझ्याच बँकेतला. जन्मापासून लखनौच्या चौक भागात राहिलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. रविवारी सकाळी आम्ही कुकरैलच्या जंगलात पक्षी बघायला जायचो. जुनं शहर मला त्यानेच दाखवलं. अकबरी गेटच्या आसपासच्या गल्ल्या मला एकट्याला आजही उलगडत नाहीत, तो डोळे मिटून चालायचा. त्याच्या आजोबांना कबुतरांचा शौक होता. नवाबी काळापासून या शहरात कबुतरबाजी चालत आलेली आहे. त्या नात्याने पक्षी पाळणारे, विकणारे, पकडणारे असे सगळे त्याला ओळखायचे. पुढे जे झालं ते या ओळखीमुळे झालं, म्हणून हे सांगितलं.

दिवाळीच्या दोनेक आठवडे आधी आम्ही नखासच्या रविवारच्या बाजारात गेलो होतो. तिथे जुन्या कपड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं आणि पिंजऱ्यातले पक्षीही मिळतात. परदेशी लव्हबर्ड विकायला सरसकट बंदी नाही. पण आपल्याकडचे पोपट आणि मुनिया पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. अनेक घरांत मिठू मिठू करणारा पोपट असतो, म्हणून कुणाला ते खरं वाटत नाही. गर्दीत एका माणसाने मित्राला ओळखलं. आजोबांची आठवण निघाली. मग तो हळू आवाजात म्हणाला, मोठा पक्षी बघायचा असेल तर घरी या.

संध्याकाळी मित्राच्या फोनवर व्हिडिओ आला. गोणपाटावर बसलेलं शृंगी घुबड. नारिंगी डोळे, पायाला सुतळी. मागे एका टोपलीत तीन पिंगळे एकमेकांना चिकटून बसले होते. बाहेरगावचं गिऱ्हाईक धनत्रयोदशीपर्यंत येणार आहे, असं त्या विक्रेत्याने सांगितलं. किंमत २५,००० रुपये.

वनविभागाला कळवायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. फोन मी लावला, मित्र शेजारी बसला होता आणि स्पीकर चालू होता. अधिकारी शांतपणे बोलले. घर नेमकं कोणतं, पक्षी किती, केव्हा दिसले, हे विचारलं. मग म्हणाले, एक रुपयाही देऊ नका, अगदी बयाणासुद्धा नको. तुम्ही विकत घेतलं की तो त्या पैशातून पुढचं घुबड मागवतो, आणि विकत घेणाराही गुन्ह्यात येतो. असा पक्षी कुठल्याही मार्गाने आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मित्राने सगळं ऐकलं. मान डोलावली. एक शंकासुद्धा विचारली नाही, हे मला नंतर आठवलं.

बेत साधा होता. मित्र पाहुणा म्हणून आत जाईल. पक्षी दिसले की मला मिस्ड कॉल देईल. मी साध्या कपड्यातल्या वनरक्षकांबरोबर गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर थांबेन. मिस्ड कॉल आला की ते आत शिरतील आणि चौकीतून पोलीस येतील. माझं काम फक्त घर दाखवायचं, कारण तो दरवाजा मित्राने मला दिवसा दाखवून ठेवला होता.

मित्र साडेसातला आत गेला. त्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात. बाहेरचा माणूस एका जागी उभा राहिला की मिनिटाभरात सगळ्यांना कळतं. दुसरा चहा घेताना टपरीवाल्याने विचारलंच, कुणाकडे आलात? मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. आठ वाजले. मिस्ड कॉल नाही. मी फोन केला तर बंद. मला वाटलं, त्याला आत कोंडलं असेल, मारत असतील. ओळखीचाच माणूस आहे, काही होणार नाही, असं तो म्हणाला होता. तरी हात थरथरत होते. वनरक्षकांनी साहेबांना फोन केला. वाट बघण्यात अर्थ नाही, आत जा, असा निरोप आला.

दार एका म्हातारीने उघडलं. चुलीजवळ पिठाची परात होती. मागच्या खोलीत गोणपाट होतं, रिकामी टोपली होती, कापलेली सुतळी होती. कोपऱ्यात घुबडाने ओकून टाकलेला गोळा पडला होता. उंदराची न पचलेली हाडं आणि केस घुबडं अशी बाहेर टाकतात. एका वनरक्षकाने तो कागदात गुंडाळून घेतला. पक्षी मात्र एकही नव्हता. विक्रेता नव्हता. माझा मित्रही नव्हता. मागचं दार छताकडे उघडत होतं, आणि तिथली छतं एकमेकांना लागून आहेत.

बाहेर आलो तेव्हा गल्ली भरली होती. वनरक्षकांना कुणी काही म्हणालं नाही, ते सरकारी माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी ‘मुखबिर’ म्हणालं. खबऱ्या. एका पोराने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. दुसऱ्याने नाव विचारलं आणि मी खोटं नाव सांगितलं. एका वयस्क माणसाने मध्ये पडून किल्ली परत देववली आणि मला म्हणाला, निघा, पुन्हा इकडे येऊ नका. तोवर वनरक्षकांनी मला मध्ये घेतलं होतं. मुख्य रस्त्यावर आल्यावर मला उलटी झाली.

रात्री अकराला मित्राचा फोन आला. घरी ये, एवढंच म्हणाला.

त्याच्या बाथरूममध्ये टीव्हीचं खोकं होतं आणि खोक्यात ते शृंगी घुबड. मला बघून त्याने चोच वाजवली आणि पंख फुगवले. मित्राने दुपारीच जाऊन घासाघीस करून १८,००० रुपये दिले होते. साडेसातला तो फक्त पक्षी घ्यायला आत गेला होता. छतावरून पलीकडच्या गल्लीत उतरला आणि रिक्षाने घरी आला. आज छापा पडणार आहे, हे त्या माणसाला त्याने दुपारीच सांगितलं होतं.

मी विचारलं, पिंगळे कुठे आहेत?

तो म्हणाला, ते त्याने आधीच हलवले. मला दाखवले नाहीत.

मग त्याने कारण सांगितलं. त्या माणसाच्या वडिलांनी याच्या आजोबांची कबुतरं सांभाळली होती. आजोबा गेले तेव्हा ते खांदा द्यायला आले होते. त्यांच्या मुलाला मी तुरुंगात घालू? घुबड जिवंत पाहिजे होतं ना तुला? हे बघ, जिवंत आहे.

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पकडणारे बहुतेक गरीब असतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेल्या जमाती आहेत, आणि कायद्याने धंदा बंद केला तेव्हा दुसरं काम त्यांना कुणी दिलं नाही. २५,००० रुपये मोजून घुबड कापणारा मात्र कधी गल्लीत सापडत नाही. हे सगळं त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, कदाचित बेतही सोडून दिला असता. तो बोलला नाही. मी टपरीवर उभा राहणार, लोक मला बघणार, हे त्याला माहीत होतं. फोन त्याने मुद्दाम बंद ठेवला होता. मला त्याचा राग त्या रात्री आलाच नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: हा माझ्या शेजारी बसून मान डोलावत होता.

पण आधी पक्ष्याचं बघायला हवं होतं. ओळखीच्या पशुवैद्याला फोन केला. त्याने सांगितलेलं इथे देतो, कारण असा पक्षी घरात आला की बहुतेक जण नेमकं उलटं करतात. दूध-पोळी किंवा भात देऊ नका. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पहिल्या रात्री काहीच भरवू नका. खोक्याला भोकं पाडा, तळाशी जुनं कापड घाला, अंधार आणि शांतता ठेवा, मुलांना दाखवायला नेऊ नका. धरायची वेळ आलीच तर जाड टॉवेल टाका आणि आधी पाय धरा. चोचीपेक्षा नख्या घातक. आम्ही तसंच केलं. टॉवेलमधून एक नखी माझ्या अंगठ्यात घुसलीच. पायातली सुतळी कापली तेव्हा खालची कातडी सोललेली दिसली. उजव्या पंखाची मोठी पिसं कात्रीने कापलेली होती.

सकाळी मित्र म्हणाला, कुकरैलच्या रस्त्याकडेला सापडलं असं सांगू. मी नाही म्हणालो. खोटा पत्ता लिहिला की घर, टोपली, सुतळी, काहीच पुराव्यात उरत नाही. आणि आदल्या रात्री ज्या दोन वनरक्षकांनी मला त्या गर्दीतून बाहेर काढलं, त्यांच्या तोंडावर मला खोटं बोलवत नव्हतं. मी म्हणालो, मी खरं सांगणार आहे. तू बरोबर आलास तर तुझं तू सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, म्हणजे तू मला पकडून देणार. ते वाक्य अजून आमच्या दोघांच्यात तसंच पडून आहे.

तो आला. पैसे दिल्याचं, पक्षी नेल्याचं त्याने स्वतः सांगितलं. छाप्याची खबर दिल्याचंही सांगितलं. विक्रेता कुठे गेला असेल, याला मात्र ‘माहीत नाही’ एवढंच उत्तर दिलं. जबाब लिहून घेतला, पंचनामा झाला, आम्ही सह्या केल्या. मी पंचनाम्याची प्रत मागून घेतली. ही गोष्ट विसरू नये, कारण नंतर कुणी विचारलं तर पक्षी ४८ तासांच्या आत ताब्यात दिला याचा तोच कागद. मित्राला त्यानंतरही चौकशीसाठी बोलावणं येत राहिलं आणि प्रत्येक वेळी त्याला रजा टाकावी लागली.

घुबड उपचारांसाठी गेलं. पायाची जखम लवकर भरली, पण पंखाचा प्रश्न होता. कापलेलं पीस वाढत नाही. जुनं गळून नवं येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मोठ्या घुबडांत त्याला कित्येक महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. उडायची आणि शिकार धरायची चाचणी झाल्याशिवाय सोडत नाहीत. तीन पिंगळ्यांचा पत्ता लागला नाही. दिवाळीच्या रात्री मी पणत्या लावल्या, फराळ केला, पण जेवताना सारखं तेच मनात येत होतं. मी घरात तसं बोललो नाही.

महाराष्ट्रात असं काही दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. आपल्याकडे घुबडांबद्दल कामही चांगलं झालं आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनने २०१८ पासून पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात घुबड महोत्सव भरवला आणि शाळकरी मुलांना घुबडं दाखवली. मी मित्राला त्याचे फोटो पाठवले होते, भांडणाच्या आधी. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणाला होता.

आम्ही एकाच शाखेत आहोत. कर्जाच्या फायलींबद्दल बोलतो, डबा वेगळ्या टेबलांवर खातो. कुकरैलला मी आता दुसऱ्या गटाबरोबर जातो. त्याच्या मते मी माणसापेक्षा कायदा मोठा मानला. माझ्या मते त्याने मला विचारायलाच हवं होतं. दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं पाठ आहे.

होळीनंतर एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्या माणसाचा नव्या नंबरवरून फोन आला होता. पुन्हा एक मोठं आलं आहे, तुम्ही आपलेच गिऱ्हाईक, तुम्हाला आधी विचारतो, असं तो म्हणाला होता. मित्राने नको सांगितलं. मी नंबर मागितला. तो त्याने दिला नाही.

जेवढं कळलं तेवढं मी वनविभागाला कळवलं, आणि कळवल्याचं त्यालाही जाऊन सांगितलं.