भीमाशंकरच्या रानातली मुंग्यांची घरे

वाचकहो, भीमाशंकरला आपल्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण असे करीत गाडी वर चढते. आपण दर्शन घेतो आणि परततो. पुढच्या खेपेस एवढे करा, गुप्त भीमाशंकरकडे जाणाऱ्या पायवाटेने थोडे चाला आणि मान वर करून झाडांकडे पाहा.

एखाद्या फांदीला नारळाएवढा किंवा त्याहून मोठा, काळपट तपकिरी गोळा दिसेल. कोणी शेणाचा पो थापून ठेवला आहे असेच वाटेल. ते मुंग्यांचे घर. वाळकी पाने आणि लाकडाचा भुसा चावून, लाळेत कालवून त्या हे घर बांधतात. कौलांसारखे एकावर एक पापुद्रे असतात, म्हणून सह्याद्रीचा पाऊसही बाहेरूनच ओघळून जातो. घराला धक्का लागला की मुंग्या धावत बाहेर येतात आणि बदामाच्या आकाराचे पोट डोक्यावर उभारतात.

हिला वाळवी समजू नका. वाळवी लाकूड खाते. ही ते फक्त घरासाठी वापरते. हिचे पोट भरते किड्यांवर आणि मावा, पिठ्या ढेकूण यांच्या गोड चिकट्यावर. त्या गोडीपायी ती त्यांची राखणही करते. तेव्हा बागेतल्या कलमावर हिची रांग दिसली, तर आधी पिठ्या ढेकूण शोधा.

आता खरी नवलाई ऐका. तांबूस सुतार पक्षी मुख्यतः मुंग्यांवर जगतो, आणि अंडी घालतो ती याच नांदत्या घरात भोक पाडून! मुंग्या त्याच्या पिलांना सहसा इजा करीत नाहीत. असे का, याचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

हे सांगण्याचे कारण असे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, तिथे कुऱ्हाड चालत नाही. पण डोंगरपट्ट्यात आपल्या मालकीच्या बांधावरही अशी घरे असतात. राबासाठी फांद्या तोडताना, सरपण काढताना ती जाळात जातात. सुतार पक्ष्याच्या विणीचा काळही साधारण फेब्रुवारी ते जून. म्हणजे घराला भोक दिसले, तर आत पिले असू शकतात.

दहा फांद्या तोडा, पण ती एक राहू द्या. राब तेवढ्याने कमी पडणार नाही.