कडुनिंब, चांदी आणि द्राक्षाचा डाऊनी

धातूने बुरशी मारायची ही कल्पना काही नवी नाही. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण द्राक्षावरच्या डाऊनीवर चालतं, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये जाहीर केलं. आपले बागायतदार आजही 'बोर्डो' मारतात. नवं आहे ते धातूचे अतिसूक्ष्म कण बनवणं, आणि तेही झाडपाल्याच्या मदतीने!

कृती मोठी गमतीची आहे. कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळून गाळायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घालायचं. पाल्यातली द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि मिश्रण हळूहळू तपकिरी होतं. झाले चांदीचे नॅनोकण! एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले मुरली शास्त्री आणि सहकारी यांनी कडुनिंबाचा असा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध केला, याचा मला अभिमान वाटतो.

अख्ख्या खडूपेक्षा त्याच्या पुडीचा पृष्ठभाग कितीतरी जास्त. तसंच इथे. कणांतून सुटणारे आयन बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवतात. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढ थांबलेली दिसते. पण मंडळी, डाऊनीचा जीव शास्त्रानुसार खरी बुरशी नव्हेच, आणि जिवंत पेशींशिवाय तो वाढतही नाही. बशीतलं यश बागेत उतरेलच असं कसं म्हणावं?

हे सगळं आठवलं ते नाशिकच्या पुतण्यामुळे. छाटणीनंतर पाऊस लांबला, घड धोक्यात, डोक्यावर कर्ज. कोणीतरी 'वनस्पतीजन्य नॅनो'ची बाटली पुढे केली.
"काका, झाडपाल्याचं आहे, मारू का?"
"अरे, पाला कडुनिंबाचा असला तरी मारणार आहेस ती चांदी. जमिनीतल्या ट्रायकोडर्मासारख्या उपकारी बुरशीलाही ती बाधू शकते. बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे? कुठल्या पिकावर, कुठल्या रोगावर, तोडणीआधी किती दिवस, काही छापलंय?"
"काहीच नाही."
"मग नको."

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार बुरशीनाशकालाही नोंदणी लागते. संशोधनावर माझा विश्वास आहे, म्हणूनच ते पुरतं होईपर्यंत थांबावं असं वाटतं. 'नैसर्गिक' हा शब्द वाचला की आपण पुढचं वाचत नाही. धोतराही नैसर्गिकच आहे की!

असो. बागायतदार वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.