नव्या नगरीतील जुनी पात्रे

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी डोंगरगड आणि राजनांदगाव मागे टाकते, शिवनाथ नदीचा पूल ओलांडते आणि दुर्ग येते. तेथून थोड्याच अंतरावर भिलाईच्या झोतभट्ट्या आहेत. रात्री गाडी पोहोचली, तर पूर्वेच्या आकाशावर तांबूस छटा पसरलेली दिसते आणि प्रथमच येणारा प्रवासी खिडकीशी सरसावून बसतो. या नगरीची ओळख पोलादाची, आणि ती यथार्थच आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेले ती भट्ट्या पाहण्यासाठी नव्हे, तर काही जुनी भांडी वाचवता येतात का हे पाहण्यासाठी.

भिलाई हे माझे आजोळ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील या लहानशा गावाचे भाग्य पालटले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास माझे आजोबा वऱ्हाडातून नोकरीसाठी येथे आले. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब अशा नाना प्रांतांतून माणसे आली. ‘सेक्टर’ नावाच्या आखीव वसाहतींत त्यांनी बिऱ्हाडे मांडली. गावात जुना वाडा नाही, जुनी पेठ नाही. घरांनाच जेमतेम सात दशके झालेली. तेव्हा येथे जे काही जुने आहे, ते कोणाच्या तरी ट्रंकेतून आलेले आहे.

मामा सेवानिवृत्त झाले होते आणि क्वार्टर रिकामे करून द्यावयाचे होते. मामींचा निरोप आला, “सामान आवरायला ये. नव्या फ्लॅटमध्ये एवढे मावायचे नाही. पितळ सगळे मोडीत घालते आहे.”

मी पोहोचले तेव्हा अंगणात भांड्यांचा ढीग रचलेला होता: घंगाळ, दोन कळशा, परात, काशाच्या वाट्या आणि एक उंच मानेचा गडवा. वऱ्हाडात तांब्याला गडवा म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. या गडव्याच्या काठाखाली पणजीचे नाव कोरलेले होते. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे साधे भांडेही घराण्याचा दस्तऐवज होऊन बसते. वजनकाट्यावर मात्र त्या नावाला किंमत नसते.

“मामी, हा तरी ठेवा. यात फुले ठेवता येतील,” मी म्हटले.

“गडव्यात फुले? लोक हसतील!”

मामींचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण आमच्या घरात एक खरीखुरी फुलदाणी होती. आजीच्या शेजारी काही काळ एका सोव्हिएत इंजिनियरचे कुटुंब राहत असे. आजीला रशियन येत नव्हते, त्या बाईंना मराठी येत नव्हते. तरीही लोणच्याची आणि जॅमची देवघेव चाले. मायदेशी परतताना त्यांनी आजीला कोरीव काचेची एक जड फुलदाणी दिली. आजीने तीत कधी फूल ठेवले नाही. फूल देवाला वाहावयाचे किंवा केसांत माळावयाचे, अशी तिची समजूत. ती फुलदाणी स्वयंपाकघरात उभी असे आणि तिच्यात चमचे असत! म्हणजे फुलदाणीत चमचे ठेवणाऱ्या घराने गडव्यात फुले ठेवण्यास हसण्याचे कारण नव्हते. हे मी बोलून दाखविले, तेव्हा मामींनाही हसू आवरले नाही.

तिसरी वस्तू बस्तरची होती. केशकाल घाट चढून गेल्यावर कोंडागाव लागते. तेथील धातुकाम करणाऱ्या कारागिरांना ‘घडवा’ म्हणतात, आणि मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक तार गुंडाळून नक्षी करावयाची, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा आणि शेवटी साचा फोडावयाचा, अशी ही ढोकरा पद्धत आहे. साचा फुटतो, म्हणून एकासारखे दुसरे पात्र होत नाही. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तकी याच मेण वितळविण्याच्या तंत्राने घडलेली आहे. कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी आपल्या हयातीत ही कला देशोदेशी पोहोचविली. २०१४ मध्ये ते निवर्तले. मामांनी कधीकाळी आणलेले ढोकऱ्याचे लहान पात्र कपाटामागे धूळ खात पडले होते.

अशा वस्तू जतन करण्याची हौस असलेल्यांसाठी येथे काही सूचना देणे उचित होईल. कासे म्हणजे तांबे आणि कथील, तर पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. काशावर टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमत राहतो. जुने भांडे ओळखताना बूड पाहावे. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ते गुळगुळीत झालेले असते. कोरीव किंवा ढोकरा कामाला चिंच आणि राख लावून रोज लखलखीत करू नये, कारण नक्षी झिजते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. फुले ठेवावयाची असल्यास आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घालावे, म्हणजे धातूला हिरवट थर चढत नाही. काचेची फुलदाणी कढत पाण्याने धुऊ नये. फुलांची उंची पात्राच्या दीडपट असली की शोभा येते. आणि एका मेजावर एकच पात्र असावे. दहा मांडली तर घराचे दुकान होते.

एक गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकृती पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा परदेशी राहणाऱ्या आप्तांना आजीचा ऐवज भेट देण्यापूर्वी चौकशी करावी.

संग्रह कसा असावा याचा आदर्श पाहावयाचा असेल, तर पुण्याला दिनकर केळकर यांनी उभारलेले संग्रहालय पाहावे. अकाली निवर्तलेल्या ‘राजा’ या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी ते उभे केले. तेथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातील भांडी आहेत. ज्या वस्तू घरोघरी होत्या म्हणून कोणी जपल्या नाहीत, त्या एका माणसाने वेचून जपल्या.

आमचे सर्व काही वाचले असे नाही. तिसऱ्या दिवशी मोडवाला आला. घंगाळ आणि कळशा त्याने तोलून घेतल्या. फ्लॅटमध्ये घंगाळ ठेवण्यास खरोखरच जागा नव्हती. परात उचलताना मामी क्षणभर थांबल्या, मग त्यांनी ती स्वतःच काट्यावर ठेवली. गडवा, काचेची फुलदाणी आणि ढोकऱ्याचे पात्र मात्र जुन्या साड्यांत गुंडाळून वेगळ्या पेटीत गेले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी नव्या घरी गेले. रिकाम्या बैठकीत अद्याप खुर्च्याही आलेल्या नव्हत्या. खिडकीपाशी एका स्टुलावर गडवा होता आणि त्यात जुन्या क्वार्टरच्या कुंपणावरून तोडून आणलेली शेवंती. मामींनी काठावरचे नाव बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले होते.

“येणाऱ्याला वाचता आले पाहिजे,” त्या म्हणाल्या.