पांढऱ्या झग्यांची रात्र

वाचकहो, प्रवासवर्णने लिहिणाऱ्या धर्मगुरूंची आपल्यात वाण नाही. कोणी रोमला जाऊन येतो, कोणी लूर्डला. आम्ही मात्र पारपत्रावाचून पॅरिसला जाऊन आलो, आणि तेही १८३१ सालच्या. निमित्त एका चित्राचे झाले. परदेशी स्थायिक झालेल्या एका स्नेह्याने जुन्या बॅलेनृत्याच्या चित्रांचे पुस्तक पाठविले होते. भर दुपारी वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि पुस्तकात मारी तालियोनी ही नर्तिका पाठीला इवलेसे पंख लावून पावलाच्या टोकावर अशी उभी, की पृथ्वीशी तिचा काही व्यवहारच उरला नसावा! आमचे डोळे केव्हा मिटले, ते कळले नाही.

ल पेलतिए रस्त्यावरील ऑपेरागृह. तारीख २१ नोव्हेंबर. अंगात आमचा नेहमीचा पांढरा झगा होता. अशा ठिकाणी पुरोहिताला पाहून लोक काय म्हणतील, ह्या विचाराने आम्ही ओशाळलो. परंतु कल्पनेतील प्रवासी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, ही मोठीच सोय असते.

मेयरबेअर ह्यांच्या 'रोबेर ल दियाब्ल' ह्या संगीतिकेचा तो पहिला प्रयोग. तिसऱ्या अंकात प्रेक्षागृहातील दिवे मंदावले. रंगमंचावर एका उद्ध्वस्त मठाचा ओवरा, आणि गॅसच्या दिव्यांनी निर्मिलेले निळसर चांदणे. त्या चांदण्यात थडगी उघडली आणि व्रतभंग केलेल्या धर्मभगिनींची भुते शुभ्र वस्त्रांत बाहेर येऊन नाचू लागली. त्यांची मठाध्यक्षा हेलेना, म्हणजेच तालियोनी. आमचे रक्त तापले. येत्या रविवारच्या प्रवचनाची वाक्ये आपोआप जुळू लागली.

त्याच रात्री एक अपघात घडला. ढग रंगविलेला पडदा वरून सुटून कोसळला आणि थडग्यावर निजलेल्या तालियोनीने कशीबशी उडी मारून जीव वाचविला. त्या उडीत कसलेही लालित्य नव्हते. ती भुताची नव्हती, अप्सरेचीही नव्हती. ती सत्तावीस वर्षांच्या एका घाबरलेल्या बाईची होती. प्रयोग मात्र पुढे चालला. आमच्या प्रवचनातील पुढची वाक्ये काही केल्या आठवेनात.

चारच महिन्यांनी, १२ मार्च १८३२ रोजी, 'ला सिल्फीद' रंगभूमीवर आले. स्कॉटलंडमधील एक तरुण ऐन लग्नाच्या दिवशी वाग्दत्त वधूला सोडून वनदेवतेच्या मागे धावतो. एका जादूगारणीने दिलेली ओढणी तो तिच्यावर टाकतो, तिचे पंख गळतात आणि ती मरते. कथा एवढीच. परंतु तालियोनीच्या विरळ, पांढऱ्या, घंटेसारख्या झग्याने पुढील कित्येक वर्षे नर्तिकांचा वेष ठरवून टाकला.

हे हलकेपण येते कोठून? १८२२ साली व्हिएन्नात पदार्पण करण्यापूर्वी वडील फिलिप्पो तिच्याकडून रोज सहा तास मेहनत करवून घेत. एकेका पवित्र्यात शंभर अंक मोजेपर्यंत निश्चल राहायचे. पायातला बूट मऊ साटिनचा; टोकाला आधार म्हणून काय ते सुईदोऱ्याने घातलेले रफूचे टाके. आम्हांस सेमिनरीतील पहाटेची घंटा आठवली. आमच्या गुडघ्यांना निदान चटई तरी होती.

रंगमंचामागे नर्तिकांच्या सरावाचे एक दालन होते. नवे संचालक व्हेराँ ह्यांनी ते धनिक वर्गणीदारांना खुले केले होते. तेथे काळ्या कोटातील पुरुष काठ्या टेकून उभे, आणि गरीब घरच्या कोवळ्या मुली त्यांच्यासमोर सराव करीत आहेत. ह्या मुलींना सारे पॅरिस 'उंदीर' म्हणे. प्रवचनपीठावरून अशा ठिकाणाविषयी बोलताना आमचे बोट नेहमी मुलींकडेच वळले आहे. कोटांकडे ते कधी वळले नाही. फ्रान्समधील आमच्या पूर्वसूरींनी तर १७३० साली आद्रियेन लकुव्हर ह्या थोर नटीला ख्रिस्ती दफनही नाकारले होते.

येथे एक कबुली द्यावयास हवी. आम्ही तिशीत असताना एका धर्मग्रामात एक मुलगी फार सुंदर नाचते, असे तिच्या शिक्षिका सांगत. शहरात राहून नृत्य शिकण्याची तिला संधी आली होती. वडील वाडीतील कामे टाकून आमच्या सल्ल्यासाठी आले. नाच लग्नाच्या मांडवापुरता बरा, असे आम्ही त्यांना सांगितले. "फादर म्हणतात तर राहू द्या," म्हणून ते उठले. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

पुस्तकाची शेवटली पाने एमा लिव्हरीची होती. तीही नर्तिकेचीच मुलगी. १८५८ साली, सोळाव्या वर्षी, तिने 'ला सिल्फीद'मध्येच पदार्पण केले, आणि वृद्धत्वाकडे झुकलेल्या तालियोनीने तिला शिष्या मानून १८६० साली तिच्यासाठी 'ल पापियों' हे फुलपाखराचे नृत्य बसविले. त्यात मशालीच्या ज्योतीने फुलपाखराचे पंख जळतात.

गॅसच्या उघड्या ज्योतीने नर्तिका भाजत, म्हणून वस्त्रे ज्वालारोधक द्रवात भिजवावीत, असा हुकूम १८५९ साली निघाला होता. पण त्यामुळे कापड ताठर आणि मळकट दिसे. एमाने संचालकांना लेखी कळविले, की आपण साधाच झगा घालू, जबाबदारी आपली. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी 'ला म्युएत द पोर्तिची'ची तालीम होती. कोळ्यांच्या बंडाची ती कथा. एमाची भूमिका एका मुक्या कोळिणीची.

आम्ही विंगेत उभे होतो. दिव्याजवळ तिने झग्याचे घोळ फुलविले. आम्ही ओरडलो, पण जो दिसत नाही, त्याचा आवाज कोणास ऐकू जाणार? ज्वाला लपेटून ती रंगमंचावर धावत सुटली. एका अग्निशामकाने तिला घोंगडीत गुंडाळले. त्यानंतर ती आठ महिने वेदना भोगत जगली आणि २६ जुलै १८६३ रोजी गेली. वय वीस. त्या झग्याचे जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेराने जपून ठेवले आहेत.

वीज आली, पंखा फिरू लागला. पुस्तक आम्ही बरेच दिवस उघडले नाही.

गेल्या मे महिन्यात ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, धाकटीच्या पहिल्या कम्युनियनला आम्हांस बोलवावयास आली. चहा झाला. मग धीर करून आम्ही म्हणालो, की तुझ्या वडिलांना त्या वेळी आम्ही सांगितले, ते चुकीचे होते. ती काही वेळ बशीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "फादर, तुम्ही मला कधी नाचताना पाहिलं होतं का?"

आम्ही पाहिले नव्हते.