पोस्टरमागचं गाव

फ्लॅटच्या भिंतीवर जुनं वॉर पोस्टर लावणं हा सध्या एकदम हिट फंडा आहे. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ तर मगपासून टी-शर्टपर्यंत पोचलंय. गंमत म्हणजे १९३९ मध्ये छापलेल्या त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रतींपैकी बहुतेक भिंतीवर न लागताच रद्दीत गेल्या. २००० साली इंग्लंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, आणि ते जगभर झालं. ओरिजिनलला भाव येतो तो असा!

तुम्हालाही हा नाद असेल तर खिशात भिंग ठेवा. पहिल्या महायुद्धातली बरीच पोस्टर्स शिळाछापाची. त्यांत रंगाचे कण ओबडधोबड दिसतात. एका रांगेत बसलेले ठिपके दिसले, की नंतरच्या कॉपीचा संशय घ्या.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये असंच एक उर्दू पोस्टर आहे. रुपये, बंदूक, वर्दी. कोण घेणार? जो लगेच भरती होईल तो! हाकेला ‘ओ’ देणारी माणसं कुठली, ते बघायचं तर मुंबई-गोवा हायवे पकडा.

वाटेत माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा लागतो. १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं २२. पुढे महाडहून आत वळलं की फौजी आंबवडे. घराघरात फौजी, म्हणून नावातच फौजी. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारकही गावात आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली, आणि कैदेतून अनेक जण परतलेच नाहीत.

तिथून पोलादपूर गाठा. तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. लढाईवर जाणं इथं पोस्टर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं!

या भागात कुणाच्या ट्रंकेत आजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा मेडल निघालं, तर प्लीज, भाव विचारू नका. पहिल्या युद्धाची चांदीची मेडल्स कित्येक ठिकाणी सोनाराच्या मुशीत गेलीत. कागदांचा वैरी म्हणजे पाणी. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली होती. तेव्हा घरच्यांना विचारून मोबाइलवर नीट फोटो काढा, एक प्रिंट त्यांना पाठवा. पलटणीचं नाव आणि नंबर टिपून घ्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर युद्धात गेलेल्यांची नावं फुकट शोधता येतात.

पोस्टरवरच्या शिपायाला नाव नसतं. इथल्या शिपायाला आहे, आणि ते सांगणारी नातवंडंही आहेत.