फजरनंतरचं कोल्हापूर

जानेवारीत कोल्हापुरात फजरची वेळ पावणेसहाच्या सुमाराला सुरू होते आणि सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. मधल्या या सव्वा तासात आपलं शहर कसं असतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. जन्म इथला, बी.एड. इथलं, गेली एकोणीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते तेही इथंच. पण मी कोल्हापूर पाहिलं होतं ते रिक्षातून, नाहीतर मुलांच्या अब्बांच्या मोटारसायकलवर मागं बसून.

पायांना कामाला लावलं ते भीतीनं. अम्मींना साखरेचा आजार होता. पायाला झालेली एक छोटी जखम बरी झाली नाही आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्याच वर्षी माझा रिपोर्ट आला. साखर अजून हद्दीतच होती, पण हद्दीच्या अगदी काठावर. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. शाळेत मधल्या सुट्टीत हे बोलले, तेव्हा आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "उद्या साडेसहाला रंकाळ्यावर या. आम्ही सहाजणी असतो. चालता चालता पळायला लागाल."

ती 2022 ची थंडी होती. फजर पढून मी बिंदू चौकातून निघायचे. या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे आहेत. बाबासाहेबांचा पुतळा तर त्यांच्या हयातीत, 1950 साली उभा राहिला. इतकी वर्षं त्याच्या शेजारून गेले होते, पण थांबून पाहिला नव्हता. पुढं शिवाजी चौक, पापाची तिकटी, मग गंगावेश. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटेच म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेलं फेसाळ दूध लोक उभ्यानं पितात. तिथून उताराला लागलं की रंकाळा.

रंकाळा म्हणजे पूर्वीची दगडाची खाण, भूकंपात तिथं पाणी लागलं, असं जुने लोक सांगतात. तलावाची एक फेरी चार-साडेचार किलोमीटरची. थंडीत पाण्यावरून धुकं उठतं, संध्यामठ त्यात अर्धा बुडालेला दिसतो आणि पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा हळूहळू वर येतो. पहिल्या दिवशी मी दोनशे पावलं पळाले आणि कठड्याला धरून उभी राहिले. डिसेंबर संपेपर्यंत एक फेरी न थांबता होऊ लागली.

घरी कुरबुर झालीच. अंगभर कुर्ता, ट्रॅकपँट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, तरीही खाला म्हणाल्या, "क्या गे, पोलीस पीछे लगी क्या? मास्तरीन होके रस्त्यात दौडती!" मी गप्प बसले. उत्तर दिलं ते माझ्या सासऱ्यांनी. अबू दाऊदमधली हदीस त्यांनी खालांना आठवून दिली. प्रवासात रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयशा (र.) यांनी शर्यत लावली होती, ती आयशांनी जिंकली. पुढं त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा हुजूर (स.) जिंकले आणि ही त्या वेळची फेड झाली असं म्हणाले. खाला म्हणाल्या, "वो बात अलग." पण त्या दिवसानंतर त्यांनी मला अडवलं नाही.

आणि मग 7 जून 2023 आला.

त्या दिवशी काय झालं हे वाचकांना सांगायला नको. सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून वातावरण तापलं, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. शहरातलं इंटरनेट बंद झालं. आम्ही दार लावून बसलो होतो. धाकटी विचारत होती, "अम्मी, हे आपल्यासाठी आहे का?" दोन दिवसांनी फोन सुरू झाला, तेव्हा आमच्या रंकाळ्याच्या गटावर सगळ्यात वर एक मेसेज होता. आमच्यातल्याच एका ताईंनी पुढं पाठवलेला. तो इथं लिहीत नाही. खाली कुणीच काही बोललं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो पुसलाही गेला, पण मी तो वाचला होता.

मी बूट कपाटात ठेवून दिले. मुलांचे अब्बा म्हणाले, थोडे दिवस नकोच. मलाही तेच हवं होतं. माझा रंकाळ्याचा रस्ता शिवाजी चौकातूनच जातो. ज्या रस्त्यानं सहा महिने मी निर्धास्त गेले, तो रस्ता मनातल्या मनातसुद्धा ओलांडवेना.

दहा-बारा दिवसांनी फजरनंतर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. गणिताच्या बाई स्कूटरवर बसल्या होत्या. समजूत घालायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बूट घाल. आजपासून मी इथूनच तुझ्याबरोबर पळणार. स्कूटर तुमच्या दारात राहू दे." आम्ही दोघी शिवाजी चौकातून पळत गेलो. दुकानं बंद होती, एक झाडूवाली मावशी रस्ता झाडत होती. तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि आम्हाला वाट द्यायला झाडू बाजूला घेतला. एवढंच झालं. पण त्या सकाळी माझं शहर मला परत मिळालं, असं आजही वाटतं.

त्या वर्षीच्या थंडीत आम्ही स्पर्धांची नावं घातली. आपल्याकडं मॅरेथॉनचा मोसम थंडीचाच. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून होत आली आहे, बहुतेकदा डिसेंबरात, मुंबईची 2004 पासून, बहुतेकदा जानेवारीत, आणि कोल्हापुरातही लोकमतच्या महामॅरेथॉनसारख्या स्पर्धांना घरंच्या घरं उतरतात. थंडीत शरीर लवकर तापत नाही, घाम पटकन वाळतो, हृदयावर ताण कमी पडतो. मात्र स्नायू आखडलेले असतात, म्हणून आधी दहा मिनिटं चालून अंग मोकळं करावं लागतं. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही. दहा किलोमीटर किंवा 21 किलोमीटरची अर्धी, एवढ्यावरच आमचं समाधान.

आमच्या गटात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांचे नियम सगळ्यांना पाठ झालेत. शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. आठवड्याचं अंतर एकदम वाढवायचं नाही, दहा किलोमीटर असेल तर पुढच्या आठवड्यात अकरा. मोसमात पाच स्पर्धा केल्या तरी जोर लावायचा तो एकीतच, बाकीच्या सराव म्हणून पळायच्या. अर्ध्या मॅरेथॉननंतर दोन आठवडे पायांना विश्रांती. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी पळायचं नाही. आणखी एक नियम कोल्हापूरचाच. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणून उजळ रंगाचे कपडे घालायचे आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळायचं.

जानेवारी 2024 मधली माझी पहिली अर्धी मॅरेथॉन. शर्यत सुटायची होती सहाला. इथंच माझी अडचण होती. फजर सुरू होणार पावणेसहानंतर आणि शर्यत संपेपर्यंत सूर्य कधीच वर आलेला असणार. नाव मागं घ्यावं असंही मनात आलं. मैत्रिणींना सांगितलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुटाला चिप असते. आपण रेषेवरची पट्टी ओलांडली की आपलं घड्याळ सुरू. सगळ्यात शेवटी निघालो तरी आपला वेळ वाया जात नाही."

घरून वजू करूनच गेले होते. मैदानाच्या कडेला भिंतीजवळ मी ओढणी अंथरली. माणसांचा लोंढा, भोंग्यावरची गाणी, आणि माझ्याभोवती पाठ करून उभ्या राहिलेल्या पाचजणी. सलाम फेरला तेव्हा माझी नजर त्यांच्या बुटांवर पडली. एक जोडी त्या ताईंची होती. आम्ही सगळ्यांच्या मागून निघालो. सफाईच्या गाड्या आमच्या पाठीशी होत्या.

सतराव्या किलोमीटरला ताईंच्या पोटरीत गोळा आला. बाकीच्या पुढं गेल्या होत्या. मी थांबले. पाय ताणून दिला, खिशातला खजूर आणि चिमूटभर मीठ दिलं. थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "जूनमधला तो मेसेज मी न वाचताच पुढं पाठवला होता."

मी विचारलं, "वाचून पाठवला असता तर, ताई?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माहीत नाही गं. कदाचित तरीही पाठवला असता." खोटं बोलणं सोपं होतं, त्या बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. उरलेले चार किलोमीटर आम्ही बरोबरच पूर्ण केले. मला दोन तास एकोणपन्नास मिनिटं लागली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. त्या अजूनही गटात आहेत. आता गटावर काहीही पुढं पाठवण्याआधी त्या मला फोन करून विचारतात, "हे खरं आहे का बघ जरा." माझ्या दृष्टीनं एवढी सुरुवात पुष्कळ आहे.

त्याच वर्षी 11 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमधली महिलांची मॅरेथॉन आम्ही घरात बसून पाहिली. 1984 पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच नव्हती, हे धाकटीला खरं वाटेना. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्सकडून पळणारी सिफान हसन त्याच ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटरची कांस्यपदकं घेऊन मॅरेथॉनला उभी राहिली आणि 2 तास 22 मिनिटं 55 सेकंदांत सुवर्णपदक जिंकली. पदक घ्यायला ती हिजाब बांधून आली, तेव्हा खालांनी चष्मा पुसला.

गेल्या थंडीत आम्ही सांगली, पुणे, कोल्हापूर करून फेब्रुवारीत बेळगावला दहा किलोमीटर पळायला गेलो. एस.टी.त मी मैत्रिणींना फडेप्पा चौगुल्यांची हकीकत सांगितली. बेळगावकडचा हा गडी 1920 मध्ये अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाला. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते 2 तास 50 मिनिटांत पार केलं आणि एकोणिसावे आले. खाशाबा जाधव आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ, पण त्यांच्या अठ्ठावीस वर्षं आधी गेलेला हा शेजारी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. मी पुढच्या सोमवारी शाळेत दोन्ही वर्गांना तोच निबंध घातला, एका वर्गाला उर्दूत, दुसऱ्याला मराठीत.

मोसमाचा शेवट आम्ही स्पर्धेविना करतो. कोल्हापूर ते पन्हाळा. अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनला थोडं कमी. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस. गुऱ्हाळं चालू असतात, उकळत्या रसाचा वास केर्लीपर्यंत साथ करतो. वाघबीळपासून घाट लागतो, तिथं आम्ही सरळ चालतो, त्यात लाज कसली? वर पोचल्यावर साधोबाच्या तळ्याकाठी दर्गा आहे. तिथल्या सावलीत बसून झुणका-भाकर खायची आणि एस.टी.नं उतरायचं.

भगिनींनो, माझी साखर आज हद्दीच्या आत आहे, अल्हमदुलिल्लाह. पण मी हे लिहिलं ते तेवढ्यासाठी नाही. शाहू महाराजांनी 1906 साली आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंग काढलं, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो, आणि सांगायलाच हवं. मात्र शहर आपलं आहे हे भाषणातून फक्त ऐकणाऱ्याला कळतं. स्वतःला ते कळायला त्याच्या रस्त्यांवरून पायी जावं लागतं, जिथून जायला भीती वाटते तिथूनही, आणि एकटीला जमत नसेल तर बरोबर कुणीतरी लागतं. मला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवणारी मैत्रीण मिळाली. तुमच्या गल्लीत तसं कुणी आलं नाही, तर दुसरीच्या दारात जाऊन तुम्ही हाक मारा.

परवा खालांनी विचारलं, "रंकाळे का एक चक्कर चलने को कित्ता टाइम लगता गे?" मी म्हटलं, तासभर. त्या म्हणाल्या, "बूट के दुकान कू मेरेकू लेके चल. दौडना-बिडना नक्को, सिर्फ चलूंगी."

रविवारपासून आम्ही सातजणींच्या आठ झालो आहोत.