बॅग डायरेक्ट मिळेल म्हणे!

"बॅगा आता एकदम कोलंबसलाच मिळतील," मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि आई खूश. ताईचं बाळंतपण आठवड्यावर आलेलं, आईचा पहिलाच परदेश प्रवास, सोबतीला मी. फ्रँकफर्टला विमान बदललं, तिथे खरंच बॅगांकडे बघावंही लागलं नाही. त्यामुळे शिकागोच्या ओ'हेअरला उतरलो तेव्हा मी जाम निर्धास्त होते.

विमान चाळीस मिनिटं लेट. इमिग्रेशनची ही लांब रांग. तिथून सुटलो आणि बेल्टकडे ढुंकूनही न बघता मी निघाले, तर आईने हात धरला. "अगं, ती आपलीच बॅग ना? लाल नाडीची?"

आपलीच! अमेरिकेत ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता, तिथेच सहसा बॅगा उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात, टॅग कुठलाही असो. बाहेर पडल्यावर लगेच पुन्हा त्या द्यायच्या. (परत येताना पुणे-नागपूर गाठायचं असेल, तर मुंबई-दिल्लीला बहुतेकदा हाच प्रकार.) अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची मात्र मजा असते. २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं.

"खाण्याचं काही?" ऑफिसरने विचारलं. मी प्रामाणिकपणे हो म्हटलं. डबे उघडले. डिंकाचे लाडू, मेतकूट, आणि मेतकुटाखाली पेपरात गुंडाळलेला ताजा कढीपत्ता! मी आईकडे बघितलं, आई छताकडे.

ताज्या कढीपत्त्याला तिकडे बंदी आहे. त्यावरून येणारी कीड संत्र्या-मोसंबीच्या झाडांना रोग लावते. पुडी कचऱ्यात गेली, पण खाण्याचं आहे असं आधीच सांगितल्यामुळे दंड झाला नाही. लपवलं असतं तर डॉलर मोजावे लागले असते. लाडू मात्र त्याने उलटसुलट करून बघितले आणि परत दिले. 'डिंक' इंग्रजीत समजावताना माझी जी तारांबळ उडाली, ती जाऊ दे.

मग बॅगा दिल्या, टर्मिनल पाचवरून ट्रेन पकडली, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बूट काढा. गेटवर पोचलो तर विमान दहा मिनिटांपूर्वी गेलेलं. आई मटकन खुर्चीत बसली. "माझ्या कढीपत्त्यापायी गेलं ना गं?" तिचे डोळे भरलेले.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर होता म्हणून वाचलो. काउंटरवर एक पैसा न घेता संध्याकाळच्या विमानात जागा दिली. शेजारच्या गुजराती काकांनी पैसे वाचवायला पुढचं तिकीट वेगळं काढलं होतं. ते बिचारे नव्या तिकिटासाठी कार्ड काढत होते. आता मी एकच तिकीट काढते आणि मध्ये किमान तीन तास ठेवते.

ताईला फोन केला. "विमान चुकलं, रात्री पोचतो."

"ते राहू दे," ताई म्हणाली, "कढीपत्ता आणलास ना?"